सरळव्याजाने हप्ता जास्त का येतो?

प्रश्न : आम्ही 30 लाखांचं गृहकर्ज काढतोय. मुदत 20 वर्षं, दर साडेआठ टक्के. बाबांनी वहीत सरळव्याजाने हिशेब मांडला, तर महिन्याचा हप्ता 33,750 रुपये आला. बँक सांगते 26,035. बँक हे पैसे पुढे कुठेतरी वसूल करणार, अशी बाबांना धास्ती वाटते. खरं काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : बाबांचा गुणाकार चोख आहे. म × द × क भागिले 100, म्हणजे व्याज 51 लाख; त्यात मुद्दल मिळवून 81 लाख; भागिले 240 महिने. पण या रीतीत पूर्ण 30 लाख वीस वर्षं तुमच्याकडेच आहेत असं धरलं जातं. तुम्ही तर पहिल्या महिन्यापासून फेडायला लागणार, आणि बँक व्याज लावते ते उरलेल्या मुदलावर.

पहिला महिना बघा. 30 लाखांचं महिन्याचं व्याज 21,250. हप्त्यातले राहिलेले 4,785 मुदलात जमा. दुसऱ्या महिन्यात व्याज 29,95,215 रुपयांवरच, म्हणजे 21,216. मुदलात गेले 4,819. चौतीस रुपये जास्त. हीच वाढ महिन्यामागून महिना साचत जाते.

मग सरासरी निम्मंच कर्ज धरून व्याज निम्मं केलं तर? तेही करून बघा. हप्ता 23,125 येतो, फारच कमी. कारण मुद्दल सुरुवातीला अगदी हळू उतरतं. या कर्जात निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही सव्वासहा लाख भराल आणि मुद्दल उतरेल सव्वा लाखाने. कर्जखात्याचा तसा उतारा हातात पडला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

फ्लॅट बघत फिरताना लाखामागचा हप्ता पाठ ठेवा. साडेआठ टक्क्यांना 20 वर्षांसाठी लाखाला 868 रुपये, 15 वर्षांसाठी 985, 30 वर्षांसाठी 769. तीसने गुणलं की झालं. फार तर पाच-दहा रुपयांचा फरक पडेल. यातली 30 वर्षांची मुदत मला मुळीच पटत नाही. हप्ता जेमतेम तीन हजारांनी उतरतो आणि एकूण व्याज साडेबत्तीस लाखांवरून त्रेपन्न लाखांवर जातं.

बाबांची धास्ती मात्र अगदीच निराधार नाही. बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. समजा, घेतल्या घेतल्याच दर नऊ टक्के झाला. हप्ता तेवढाच ठेवला तर मुदत 27 महिन्यांनी लांबते, आणि खात्यातून जाणारी रक्कम तीच असल्याने घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्या, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023मध्ये बँकांना बजावलं आहे. तेव्हा दरबदलाचा मेसेज आला की शाखेत जा आणि लेखी द्या : मुदत 20 वर्षंच ठेवा, हप्ता वाढवा. महिन्याला 957 रुपये जास्त जातील, पण शेवटी पावणेपाच लाख वाचतील. हा हिशेब बाबांना त्याच वहीत मांडून दाखवा.