क्लाउड, फॉग, एज : कोणता निर्णय कुठे?

चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत मशीन्सना सेन्सर बसवायचे आणि त्यांची माहिती कामी लावायची, हा माझा व्यवसाय. ‘सगळं क्लाउडवर टाका’ आणि ‘सगळं मशीनवरच करा’ ही दोन्ही टोकं बैठकांमध्ये कायम ऐकू येतात. दोन्ही महागात पडतात. नव्या इंजिनिअरांना उपयोगी पडावं म्हणून या कामानं शिकवलेलं इथे मांडतो.

१. निर्णय किती वेळ थांबू शकतो, हे आधी विचारा
टूल तुटलं की फीड काही मिलिसेकंदांत थांबायला हवं, नाहीतर जॉब वाया जातो आणि स्पिंडलला धक्का बसतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे चाकण ते मुंबईतलं क्लाउड केंद्र हे अंतर मोठं नाही. वेळ जातो तो वाटेतल्या राउटर-फायरवॉलमध्ये आणि तिथल्या रांगेत. सरासरी उशिरावर भिस्त ठेवू नका. सर्वांत वाईट क्षणी किती उशीर होतो ते मोजा. असा निर्णय मशीनच्या कंट्रोलरवर, म्हणजे एजवरच घ्यायचा. इमर्जन्सी स्टॉपचं बटण तर थेट वायरनं सेफ्टी सर्किटला जोडलेलं हवं. ते कुठल्याही गेटवेच्या भरवशावर नको.

२. माहितीचा गुणाकार कागदावर करा
कंपन मोजणारा सेन्सर सेकंदाला २५,६०० नमुने घेतो असं धरा. नमुना २ बाइटचा, अक्ष तीन. एका मशीनची दिवसाची माहिती सुमारे १३ जीबी होते, ४० मशीन्सची ५३० जीबी. १० एमबीपीएसची लाइन चोवीस तास भरून वाहिली तरी १०८ जीबीच नेते. म्हणून एफएफटी मशीनपाशीच करायचा आणि बेअरिंगच्या बिघाडाशी संबंधित फ्रिक्वेन्सींचे मोजके आकडे वर पाठवायचे. कच्ची माहिती फक्त संशयास्पद क्षणांची जपायची.

३. मधल्या थराला स्वतःचं काम असतं
एजला फक्त आपलं मशीन दिसतं. एका सीएनसीवर हवेचा दाब उतरला, तर तिथला कंट्रोलर आपल्यापुरता अलार्म देतो आणि मेंटेनन्सवाले त्याच मशीनचे पाइप तपासू लागतात. त्याच क्षणी शेडमधल्या सहा मशीन्सचा दाब उतरलाय हे कळलं, तर ते थेट कॉम्प्रेसरकडे जातील. हे एकत्र पाहणारा शेडमधला संगणक म्हणजे फॉग नोड. सिस्कोच्या फ्लाव्हियो बोनोमी आणि सहकाऱ्यांनी २०१२च्या निबंधात फॉगची कल्पना मांडली. २०१८मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेनं तिचं प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यात फॉग हा उपकरणं आणि क्लाउड यांच्यामधला थर आहे. पण डब्याला दिलेल्या ‘एज’ किंवा ‘फॉग’ या नावावर जाऊ नका, विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा : हिशेब कुठल्या डब्यात होतो आणि त्या डब्याला किती मशीन्स दिसतात?

४. नेट जाणारच, असं धरून बांधा
रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तरी शिफ्ट चालूच राहते. फॉग नोडवर काही दिवसांची माहिती मावेल एवढी डिस्क हवी. नोंदीची वेळ सेन्सरजवळच लागली पाहिजे. नेट परत आल्यावर क्लाउडमध्ये लागली, तर घटनांचा क्रमच बिघडतो. आमच्या कामात सर्रास वापरला जाणारा एमक्यूटीटी प्रोटोकॉल १९९९मध्ये सॅटेलाइटनं जोडलेल्या तेलाच्या पाइपलाइनींसाठी तयार झाला. त्यात ‘क्यूओएस १’ निवडलं की संदेश निदान एकदा पोहोचतो, पण दोनदाही पोहोचू शकतो. म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक द्या, नाहीतर उत्पादनाचे आकडे फुगतात.

५. क्लाउडला कमी लेखू नका
वर्षभराच्या नोंदी, वेगवेगळ्या प्लँटची तुलना, बिघाड ओळखणारं मॉडेल शिकवणं, ही कामं शेडमधल्या संगणकाच्या आवाक्याबाहेरची आहेत. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं आणि ॲमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र २०१५-१६मध्ये सुरू झालं, त्यामुळे माहिती जवळच ठेवता येते. क्लाउडवर शिकलेलं मॉडेल खाली एजवर उतरतं, तिथले नवे अनुभव पुन्हा वर जातात. ही ये-जा चालू असेल तरच तिन्ही थरांवरचा खर्च सार्थकी लागतो.

६. डबा बसवला की जबाबदारी सुरू होते
क्लाउडच्या सर्व्हरची काळजी दुसरं कुणी घेतं. फॉग नोडची तुम्हालाच घ्यावी लागते. धूळ, उष्णता आणि कूलंटचे तुषार सोसणारी पेटी हवी, यूपीएस हवा. २०१६मध्ये ‘मिराई’ या मालवेअरनं मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, अपडेट आधी एकाच लाइनवर चालवून पाहा आणि प्रत्येक नोडसमोर एका माणसाचं नाव लिहा.

७. कोटेशनच्या आधी निर्णयांची यादी करा
प्रत्येक निर्णयापुढे तीन गोष्टी लिहा : किती वेळ थांबता येईल, किती मशीन्सची माहिती लागेल आणि नेट नसताना काय होईल. ही यादी ऑपरेटरसोबत बसून करा, कारण कुठला अलार्म खरा आणि कुठला उगाच वाजतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तिन्ही रकाने भरले की एज, फॉग, क्लाउड यांच्या जागा बहुतेक ठरलेल्याच असतात. सामान त्यानंतर मागवा.