ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते? दोष शोधण्याची क्रमवार रीत

रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्यात, विशेषतः पालीच्या आसपास, भातशेतीची मुख्य कामे पावसाच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागतात. चिखलणीसाठी आता ट्रॅक्टर व पॉवर टिलर यांचा उपयोग होऊ लागला आहे. खाचरात पाणी आहे, रोपांच्या मुठी बांधून तयार आहेत, मजूर बांधावर उभे आहेत आणि ट्रॅक्टर मात्र सुरू होत नाही, असा प्रसंग आला म्हणजे बहुतेक शेतकरी बंधू बॅटरीला दोष देतात व नवी बॅटरी विकत घेतात. दोन महिन्यांनी तीही उतरते. मूळ दोष न शोधता बॅटरी बदलणे म्हणजे फुटक्या कणगीत पुन्हा धान्य ओतणे होय.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही, ती फक्त साठविते. इंजिन फिरू लागले की पट्ट्याच्या साहाय्याने आल्टरनेटर फिरतो व खर्च झालेली वीज पुन्हा भरून काढतो. जुन्या ट्रॅक्टरवर हेच काम डायनॅमो करीत असे. म्हणून बॅटरी उतरण्याची कारणे तीनच असू शकतात: कणगी खराब आहे, भरणा अपुरा आहे, किंवा कोठेतरी गळती आहे. तपासणी याच क्रमाने करावी. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

१. बॅटरीची तपासणी

प्रथम टोके पाहावीत. त्यांवर पांढरा-हिरवट क्षार साचला असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून घट्ट आवळावीत व वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पाणी घालावयाच्या बॅटरीत प्लेटा बुडालेल्या असाव्यात. कमी पडल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी किंवा आम्ल घालू नये.

बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी मोजावी. बारा व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब मिळाल्यास ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नंतर स्टार्टर फिरवीत असता मोजावे. भरलेल्या बॅटरीचा दाब त्या वेळी साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी निकामी होत आली आहे असे समजावे; मात्र स्टार्टर अडकून जास्त वीज ओढत नाही ना, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

२. भरण्याची तपासणी

इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजावे. दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. दिवे लावल्यावरही तो १३.५ च्या खाली जाऊ नये. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे. अशाने पाणी आटते व प्लेटा खराब होतात.

दाब कमी असल्यास प्रथम इंजिन बंद करून पट्टा पाहावा. चिखलणीत उडणाऱ्या चिखलपाण्याने तो घसरतो व झिजतो. दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. पट्टा ठीक असल्यास तारा व जोडण्या तपासाव्यात. त्यानंतरच आल्टरनेटरचे ब्रश, रेग्युलेटर व डायोड यांच्याकडे वळावे.

येथे एक अनुभव सांगणे उपयुक्त होईल. पालीजवळच्या एका गावात एका शेतकऱ्याने एकाच पावसाळ्यात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. आल्टरनेटरचे जाड टोक व त्याचे अंग यांवर मोजले तेव्हा १४.३ व्होल्ट मिळाले. बॅटरीवर मात्र १२.९ च! म्हणजे वीज तयार होत होती, पण वाटेत अडत होती. बॅटरीचे ऋण टोक व आल्टरनेटरचे अंग यांमध्ये मोजता १.२ व्होल्ट आढळले, तेथे ०.२ हून अधिक असू नये. आल्टरनेटर रंगावरच बसविलेला होता आणि बोल्टाखाली गंज धरला होता. जागा कानशीने घासून स्वच्छ केली व बोल्ट आवळले. बॅटरीवर लगेच १४.१ व्होल्ट मिळू लागले. या दुरुस्तीस खर्च असा काहीच आला नाही.

३. गळतीची तपासणी

भरणा चांगला असून सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, तर गळती शोधावी. किल्ली काढून सर्व दिवे बंद करावेत. ऋण टोकाची तार सोडवून, ती तार व टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर अँपिअर मोजण्याच्या मोठ्या मर्यादेवर लावावा. या अवस्थेत स्टार्टर कदापि फिरवू नये, मल्टिमीटर जळेल. साध्या ट्रॅक्टरवर प्रवाह शून्याजवळ असावा. अर्धा अँपिअर दिसल्यास दिवसाला बारा अँपिअर-तास वीज जाते, आणि ७५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरातच रिकामी होते.

आता एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने प्रवाह थांबेल, त्याच मार्गावर दोष आहे. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह चालू राहिल्यास आल्टरनेटरची जाड तार सोडवावी व तिचे टोक कोठे टेकू देऊ नये. प्रवाह थांबला तर आतील डायोड फुटला आहे. डायनॅमोच्या जुन्या ट्रॅक्टरवर कट-आउटचे संपर्क चिकटल्यानेही असेच होते. मागाहून जोडलेले दिवे व टेपरेकॉर्डर यांच्या तारा अवश्य पाहाव्यात.

घ्यावयाची काळजी

बॅटरी सोडविताना सांगाड्याला जोडलेली तार, म्हणजे बहुधा ऋण तार, प्रथम काढावी व जोडताना ती शेवटी लावावी. इंजिन चालू असता बॅटरी कधीही सोडवू नये, डायोड जळतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून स्फोटक वायू निघतो, म्हणून जवळ विडी वा काडी पेटवू नये. ट्रॅक्टर उभा राहणार असेल, तर ऋण तार सोडवून ठेवावी व महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिल्यास प्लेटांवर कठीण थर बसतो व ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी व प्रत्येक ट्रॅक्टरचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढील वर्षी दोष कोठे वाढला, हे त्या आकड्यांवरून चटकन कळेल आणि लावणीचा मोलाचा दिवस वाया जाणार नाही.