रसशाळा आणि प्रयोगशाळा : काशीतील भस्मपरीक्षेची परिभाषा

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात धातूंचा विचार दोन भिन्न परंपरांनी चालतो. १९२३ पासून तेथे धातुविद्येचे अध्यापन होत आले असून तो विभाग आज भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत (२०१२) समाविष्ट आहे. त्याच आवारात, चिकित्सा विज्ञान संस्थेच्या आयुर्वेद संकायात, रसशास्त्राचा विभाग आहे. एकीकडे धातू भट्टीत जातो तो यंत्राचा वा पुलाचा अवयव होण्यासाठी; दुसरीकडे तो पुटात भाजला जातो तो रोग्याच्या पोटात जाण्यासाठी. तयार झालेला पदार्थ निर्धोक आहे हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न मात्र दोहोंना सारखाच आहे. त्याचे उत्तर ज्या शब्दांत दिले जाते त्या शब्दांचा अर्थनिर्णय हा साहित्याच्या अभ्यासकांच्याही कक्षेत येतो. रसग्रंथ हे अखेर ग्रंथ आहेत, आणि त्यांतील एखाद्या संज्ञेचा अर्थ चुकला तर ती चूक पाठभेदापुरती राहत नाही, रोग्यापर्यंत पोचते.

१. रसशाळेची रचना

वाग्भटाच्या नावावर असलेला ‘रसरत्नसमुच्चय’ हा सामान्यतः तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथमालेने तो छापला आणि प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (पहिला खंड, १९०२) त्याचा विस्तृत परामर्श घेतला. या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात रसशाळा कशी असावी याचे वर्णन आहे. पूर्वेस रसभैरवाची स्थापना, आग्नेयेस अग्निकर्म, दक्षिणेस पाषाणकर्म, नैर्ऋत्येस शस्त्रकर्म, पश्चिमेस धुण्याचे काम, वायव्येस वाळवण, उत्तरेस वेधकर्म आणि ईशान्येस सिद्ध वस्तूंचा साठा, अशी ही योजना आहे. तेथे काम करणाऱ्यांचे गुणही सांगितले आहेत. त्यांत सत्यनिष्ठा आणि निर्लोभता यांना महत्त्वाचे स्थान आहे.

या वर्णनातील धार्मिक भाग बाजूस काढला तर उरते ती एक सुविहित कार्यशाळा. धूळ, ओल आणि अग्नी एकमेकांत मिसळू नयेत, सिद्ध द्रव्य कच्च्या द्रव्यापासून दूर असावे आणि मोह पडेल अशा माणसाच्या हाती काम जाऊ नये, हा तिच्यामागील विवेक आहे. निर्धोकपणाची सुरुवात पदार्थ तयार होण्याच्या आधीच, जागेच्या आणि माणसाच्या निवडीपासून होते, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

२. दोष, शोधन आणि मारण

पाऱ्याचे दोष सांगताना या ग्रंथाने तीन वर्ग केले आहेत. विष, वह्नी आणि मल हे नैसर्गिक. नाग (शिसे) आणि वंग (कथील) हे यौगिक, म्हणजे भेसळीने येणारे. आणि सात कंचुक हे औपाधिक. हे वर्गीकरण महत्त्वाचे आहे. द्रव्याच्या स्वभावातील धोका आणि बाहेरून आलेला धोका यांत येथे भेद केला आहे, आणि आजच्या चर्चेत नेमका हाच भेद वारंवार विसरला जातो.

‘शोधन’ म्हणजे केवळ मळ काढणे नव्हे. विशिष्ट रस, काढे, तेल, ताक यांच्या संस्काराने द्रव्यात इष्ट पालट घडवणे असाही त्याचा अर्थ आहे. ‘मारण’ म्हणजे धातूचे धातुपण घालवणे. म्हणून भस्माच्या बहुतेक कसोट्या धातुपण उरले आहे काय, हेच विचारतात. बोटांच्या रेषांत शिरते ते ‘रेखापूर्ण’. स्थिर पाण्यावर तरंगते ते ‘वारितर’. ज्यात चमक उरली नाही ते ‘निश्चंद्र’. गूळ, गुंजा, मध, तूप आणि टाकणखार यांसह तापवूनही ज्यातून मूळ धातू परतत नाही ते ‘अपुनर्भव’. चांदीबरोबर तापवल्यावर चांदीचे वजन वाढले नाही, तर ते ‘निरुत्थ’. ताम्रभस्म दह्यात टाकून रंग पालटतो का, हेही पाहिले जाते.

या संज्ञांत काव्यशास्त्र आणि मोक्षशास्त्र यांची सावली आहे. ‘अपुनर्भव’ हा शब्द मुक्तीचाच. पुन्हा जन्म नाही, तसा पुन्हा धातू नाही. परंतु रूपकाच्या या सामर्थ्यातच एक सापळा आहे. मुक्त झालेले ते निर्दोष, असा अर्थ वाचकाच्या मनात आपोआप उमटतो. कसोटी मात्र इतकेच सांगते की रूपांतर पुरे झाले आहे. ते रूपांतरित द्रव्य शरीरात किती विरघळेल, कोठे साठेल आणि किती दिवस राहील, याविषयी ती काही सांगत नाही.

प्राचीन ग्रंथकारांना ही मर्यादा अगदीच अपरिचित होती असे नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ फिरंगरोगावर रसकर्पूर सांगतो, तेव्हा ते गव्हाच्या कणकेत बंद करून दातांना न लागेल अशा बेताने गिळावे असेही बजावतो. पाऱ्याच्या या क्षाराचे तोंडावर होणारे दुष्परिणाम ठाऊक असल्याखेरीज अशी सूचना संभवत नाही.

३. मराठीची साक्ष

मराठीत धातुघटित औषधाला ‘मात्रा’ हा शब्द रूढ आहे. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळून देणे हा घराघरांतील अखेरचा उपाय होता. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ हा वाक्प्रचार तेथूनच आला असावा. व्याकरणात आणि छंदःशास्त्रात मात्रा म्हणजे परिमाण; औषधाच्या नावातच प्रमाणाचे स्मरण मराठीने जपले आहे. पॅरासेल्सस याने १५३८ मध्ये प्रमाणावरच विष ठरते असे प्रतिपादन केले. मराठीत तो विचार एका शब्दात सामावलेला आहे. अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) गंगाधरशास्त्री गुणे यांच्या ‘आयुर्वेदीय औषधिगुणधर्मशास्त्र’ या ग्रंथानेही कोणते भस्म कोणत्या अवस्थेत द्यावे, याचा विवेक मराठी वैद्यांपुढे ठेवला.

४. आधुनिक कसोटी

२००४ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. २००८ च्या पुढील पाहणीत १९३ औषधांपैकी २०.७ टक्के औषधांत हे धातू होते. रसौषधींत हे प्रमाण ४०.६ टक्के, तर इतरांत १७.१ टक्के होते. अमेरिकेत बनलेल्या औषधांत ते २१.७ आणि भारतात बनलेल्यांत १९.५ टक्के निघाले. यातील १७.१ हा आकडा विशेष विचारात घेण्याजोगा आहे. ज्या औषधांत धातू घालण्याचा हेतूच नाही, त्यांतही तो होता. रसग्रंथांच्या भाषेत हा नैसर्गिक दोष नसून यौगिक दोष होय.

१ जानेवारी २००६ पासून भारताने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांची धातुपरीक्षा सक्तीची केली. त्यासाठी दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग या मर्यादा मानल्या जातात. पण धातू हाच ज्याचा घटक आहे त्या रसौषधीला ही मोजपट्टी लावणे निरर्थक ठरते. तेथे एकूण पारा किती, एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते. काळी कज्जली आणि तांबडा रससिंदूर ही दोन्ही पारद-गंधकाचीच संयुगे. त्यांची स्फटिकरचना मात्र वेगळी आहे आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने ती ओळखता येते. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. सेंद्रिय पारा याहून कितीतरी घातक असतो. तथापि अविद्राव्य म्हणजे निरुपद्रवी, असे म्हणणे म्हणजे ‘अपुनर्भवा’चीच जुनी चूक नव्या शब्दांत करणे होय. दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडावर वा मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो, बालक आणि गर्भवती यांचे काय, हे प्रश्न स्वतंत्र परीक्षेनेच सुटतात.

याखेरीज आणखी एक प्रश्न प्राचीनांपुढे नव्हता. पारा येतो कोठून आणि वापरल्यावर जातो कोठे? पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या रसायनांसाठी व पदार्थांसाठी निर्मितीपासूनच निर्धोकपणा आणि टिकाऊपणा तपासण्याची चौकट सुचवली. पदार्थाचा विचार खाणीपासून विसर्जनापर्यंत व्हावा, हे तिचे मर्म आहे. रसशाळेच्या आठ दिशांत सांडपाण्याला जागा दिलेली नव्हती. आजच्या प्रयोगशाळेला ती द्यावीच लागेल, आणि गंगाकाठच्या शहरात तर प्रथम.

५. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ‘शुद्ध’ हा शब्द वाचून वैद्याने परीक्षा संपली असे मानले, तर तो ग्रंथाला जे म्हणायचे नाही ते त्याच्या पदरी बांधतो. उलट ‘विष’ हा शब्द वाचून रसायनज्ञाने सारी परंपरा निकालात काढली, तर दोषांचे तीन वर्ग करणाऱ्या ग्रंथाची सूक्ष्मता त्याला दिसत नाही. या दोहोंच्या मध्ये शब्दाचा नेमका अर्थ सांगणाऱ्या अभ्यासकाचे स्थान आहे. ‘शोधन’, ‘मारण’, ‘अपुनर्भव’ यांचे एकशब्दी भाषांतर करण्याऐवजी प्रत्येक संज्ञा काय तपासते आणि काय तपासत नाही, याची नोंद करणारा परिभाषाकोश भारतीय भाषांतून सिद्ध होणे अगत्याचे आहे. धातुविद्या, रसशास्त्र आणि भाषाविद्या या तिन्ही शाखा एकाच आवारात नांदत असल्यामुळे त्या कार्याचा आरंभ काशीत होणे सर्वथा उचित ठरेल.