हृदय ठीक आहे, मग छातीत दुखतं कशानं?

छातीच्या डाव्या बाजूला जळजळ सुरू झाली तेव्हा मी साठी ओलांडली होती, बीपीची गोळी चालू होती आणि थोरला भाऊ हार्ट अटॅकनं गेलेला होता. मुलानं त्याच रात्री दवाखान्यात नेलं आणि अगदी योग्य केलं. इसीजी निघाला, काही तासांच्या अंतरानं दोनदा रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं, सकाळी टू-डी इको झाला. सगळं नॉर्मल. "काका, हार्ट छान आहे. गॅस असेल, नाहीतर स्नायू धरला असेल," म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं.

दुखणं मात्र जागचं हललं नाही. बरगड्यांवरून पाठीकडे जाणारा एक पट्टा, आणि त्यावर सदरा घासला तरी इस्त्री टेकवल्यासारखं व्हायचं. चालल्यानं ते वाढत नव्हतं, जेवणाशी त्याचा संबंध नव्हता, दाबून एका जागी सापडत नव्हतं. यातलं काहीच कुणी विचारलं नाही. रिपोर्ट चांगले आले की विचारपूस संपते, असा अनुभव अनेकांना येतो. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी.

पुढच्या दोन-चार दिवसांत त्याच पट्ट्यावर लाल पुरळ आलं आणि त्याचे पाणीदार फोड झाले. मावशीनं बघताक्षणी सांगितलं, "अरे, ही तर नागीण!" निदान अचूक होतं. पण घरात पुढची चर्चा रंगली ती गेरू लावायचा की मंत्र घालणाऱ्याकडे जायचं याची. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेला होता.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की तो एखाद्या नसेवाटे बाहेर पडतो, म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, या समजाला काहीही आधार नाही. मात्र पुरळ उठण्याच्या आधी काही दिवस नुसतंच दुखतं, आणि पट्टा डाव्या छातीवर असला तर सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे जातं. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा फायदा सर्वांत जास्त. माझे फोड वाळले, पण त्या जागची आग पुढे कित्येक महिने राहिली. उतारवयात हा धोका अधिक असतो. २०२३ पासून नागिणीची लस भारतात मिळते. पन्नाशी उलटलेल्यांना तिचे २ डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतरानं देतात. आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

छातीत हृदयाशिवायही बरंच काही आहे. सर्वांत जास्त वेळा दुखणं निघतं ते अन्ननलिकेचं. ती हृदयाच्या मागूनच जाते. जेवल्यावर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर जळजळ वाढत असेल, घशाशी आंबट येत असेल तर ते आम्लपित्त असू शकतं. अन्ननलिकेला पेटका आला तर कळ हुबेहूब हृदयाची वाटते आणि जिभेखालच्या सॉर्बिट्रेटनं तीही थांबू शकते. त्यामुळे त्या गोळीनं बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच, असा अर्थ काढू नये. बरगडी आणि छातीचं मधलं हाड यांच्या सांध्यावरच्या कूर्चेला सूज असेल तर बोटानं दाबल्यावर नेमकी तीच कळ उठते. खोल श्वास घेताना टोचत असेल तर फुप्फुस आणि त्याचं आवरण तपासावं लागतं. तेलकट जेवणानंतर उजव्या कुशीतून खांद्याकडे कळ गेली तर पित्ताशयातले खडे शोधण्यासाठी सोनोग्राफी करतात. मानेच्या मणक्यात दबलेली नसही छातीत दुखवते. आणि पॅनिक अटॅकमधली धडधड, गुदमर, छातीतली कळ खरीखुरी असते. त्या माणसाला "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावणं क्रूरपणाचं आहे. त्यावर उपचार आहेत.

म्हणून दुखणं कुठे, कधी, कशानं वाढतं, कशानं थांबतं हे कागदावर लिहून न्या. अंगावर उघड्या डोळ्यांनी पुरळ शोधा, पाठही कुणाकडून तरी बघून घ्या. "मग हे कशाचं?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

बायकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ दिसल्या तरी हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्यांत दोष असू शकतो, आणि तो स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, जास्त आढळतो. जिना चढताना वारंवार छाती भरून येत असेल तर नॉर्मल अँजिओग्राफीवर समाधान मानून घरी बसू नका, हृदयरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा.

गेल्या महिन्याचा नॉर्मल रिपोर्ट आजच्या दुखण्याला लागू होत नाही. छातीवर दाब येऊन घाम फुटला, कळ हात-जबड्याकडे गेली, अचानक धाप लागली किंवा पाठ फाटल्यासारखी वेदना झाली, तर कारण शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत येते.