धंद्याचा धनी आणि गल्ल्यातील रोकड

आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरी लहानमोठा धंदा चालतो. वह्यांत नफा दिसत असताही दुकान बंद का पडते, हा प्रश्न म्हणूनच त्यांनी व त्यांच्या वडील मंडळींनी एकदा तरी नीट विचारात घ्यावा, असे आम्हांस वाटते. तो सोडविण्यासाठी दोन गोष्टी समजल्या पाहिजेत: धंद्याचा धनी कोण, आणि गल्ल्यात रोकड किती.

प्रथम धनी पाहू. धंदा एकट्याचा असेल तर सारा नफा त्याचाच. पण कर्जही सारे त्याचेच. कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि दुकानदार हे दोन नव्हेत. म्हणून दुकानातील मालाने कर्ज फिटले नाही, तर ऋणको म्हणून त्याच्या घरादारावरही पाळी येऊ शकते. भागीदारीस १९३२ चा कायदा लागू आहे. तीत एका भागीदाराने पेढीच्या कामासाठी केलेले देणे सर्वांस बांधते; तेव्हा भागीदार पारखून घ्यावा, हे उघड आहे.

कंपनीची गोष्ट निराळी. तिला कायदा स्वतंत्र व्यक्ती मानतो. ती आपल्या नावाने मालमत्ता घेते आणि कर्जही आपल्याच नावाने काढते. समजा, एखाद्याने १०० रुपयांचा भाग पूर्ण पैसे भरून घेतला. कंपनी बुडाल्यास त्याचे ते १०० रुपये जातील, अधिक काही नाही. यासच मर्यादित जबाबदारी म्हणतात. हे तत्त्व आपल्या देशात १८५७ च्या कायद्याने आले. मात्र कंपनीच्या कर्जास कोणी स्वतः जामीन राहिला, तर त्या जामिनापुरती ही ढाल त्याच्या उपयोगी पडत नाही.

आता रोकड. एका दुकानदाराजवळ जूनच्या आरंभी २०,००० रुपये रोख आहेत. तो ६०,००० रुपयांच्या वह्या घाऊक व्यापाऱ्याकडून एक महिन्याच्या उधारीवर आणतो व सर्व ७५,००० रुपयांस विकतो. नफा १५,००० रुपये. परंतु विक्रीपैकी २५,००० रुपयेच रोख मिळाले. उरलेले ५०,००० दिवाळीनंतर यावयाचे आहेत. जुलैत व्यापारी ६०,००० रुपये मागू लागला, तेव्हा गल्ल्यात ४५,०००च निघाले. भाडे व घरखर्च अद्याप धरलेलाच नाही! वहीत १५,०००चा नफा आणि हातात १५,०००ची तूट, ही दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. नफा माल विकल्याच्या दिवशी वहीत चढतो. रोकड मात्र पैसे हाती येतील त्या दिवशीच येते. पगार व भाडे रोकडीनेच द्यावे लागतात.

हा नियम लहान दुकानापुरताच नाही. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी १९०७ साली मुंबईत स्थापन झाली. तिचे भाग घेण्यास सुमारे ८,००० लोक पुढे आले व तीन आठवड्यांत भांडवल उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर कारखान्याचा विस्तार सुरू असतानाच पोलादाचे भाव कोसळले व स्वस्त परदेशी माल बाजारात आला. १९२४ साली जमशेदपूरच्या कामगारांचे पगार देण्यापुरतीही रोकड उरली नाही. तेथे भट्ट्या होत्या, यंत्रे होती. पण भट्टी मोडून कोणाचा पगार देता येत नाही. तेव्हा सर दोराबजी टाटा यांनी आपली खाजगी संपत्ती, पत्नीच्या जडजवाहिरासह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज मिळविले. भागधारक म्हणून असे करण्याचे बंधन कायद्याने त्यांच्यावर घातले नव्हते. कंपनी तगली. परंतु ती न तगती, तर त्यांची स्वतःची संपत्तीही गेली असती, हेही ध्यानात ठेवावे.

यावरून प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी पाळाव्यात. रोजची जमा व खर्च त्याच रात्री वहीत उतरवावी. पुढील दोन-तीन महिन्यांत कोणत्या तारखेस किती येणार व किती द्यावयाचे, याचा तक्ता करावा. आणि कोणत्याही जामिनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो घरातील सर्वांस वाचून दाखवावा. कारण त्या सहीने पणास लागते ते दुकान नव्हे, घर.

विद्यार्थ्यांनो, जमा आणि वजाबाकी तुम्हांस येते. घरच्या वहीत तिचा उपयोग आजच सुरू करा.