डिझेलमधील गंधक आणि शहराची हद्द

सुरतेतील आपल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांचे मूळ गाव खानदेशात आहे. सुट्टीत धुळ्याकडे जाताना नवापूरच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या मालमोटारी सर्वांच्याच परिचयाच्या आहेत. त्या मोटारींच्या टाकीतील डिझेलाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कारण धुराविषयीचे सरकारी नियम कसे घडत गेले, हे त्यावरून चांगले उमगते.

खनिज तेलात गंधक मुळातच असते. डिझेल जळताना त्यापासून सल्फर डायऑक्साइड वायू बनतो, व काही अंश सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो. परंतु अडचण एवढ्यावर संपत नाही. नव्या मोटारींच्या धुराच्या नळीत प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप दिलेली जाळी असते. तिच्यातून जाताना घातक वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत होते. गंधक या लेपावर बसले की तिचे काम मंदावते. (शिसे तर तिला कायमचीच निकामी करते. सन २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, त्यामागे हेही एक कारण होते.) तेव्हा मोटारी बनविणाऱ्यास नियम घालून भागत नाही, तेल शुद्ध करणाऱ्यासही तितकेच बांधून घ्यावे लागते.

इंजिन व इंधन यांचा असा एकत्रित विचार डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ च्या अहवालात केला. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव. त्यानंतर ठरलेल्या धोरणाप्रमाणे २००५ मध्ये ११ मोठ्या शहरांना 'भारत स्टेज तीन' लागू झाले. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपले सुरतही होते. १ एप्रिल २०१० पासून सुरतेसह १३ शहरांना चौथा टप्पा मिळाला. या वेळी सोलापूरचाही समावेश झाला. उर्वरित देश मात्र तिसऱ्यावरच राहिला.

आता थोडे गणित करू. चौथ्या टप्प्यात एक किलो डिझेलात जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम गंधक चाले, तर तिसऱ्यात ३५०. म्हणजे २०० किलो डिझेल सुरतेत भरले तर त्यात फार तर १० ग्रॅम गंधक येई; तेच हद्दीबाहेर भरले तर ७० ग्रॅमपर्यंत. ही दुसरी मालमोटार उधन्याच्या रस्त्यावर आली, की तिचा धूर सुरतकरांच्याच छातीत जाई! गंधक काढण्याची यंत्रे महाग असतात, म्हणून सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली हे आम्हांस मान्य आहे. पण ही दुहेरी व्यवस्था फार लांबली, असे आमचे मत आहे.

१ एप्रिल २०१७ रोजी चौथा टप्पा देशभर लागू झाला. पाचवा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा आला, आणि गंधकाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅमवर उतरली. त्या २०० किलोंत आता फार तर २ ग्रॅम. धुळ्यातही तेवढेच आणि सुरतेतही तेवढेच. जुन्या मालमोटारींना हे स्वच्छ डिझेल मिळते खरे. पण त्यांच्या नळीत ती जाळीच नाही, त्यामुळे त्यांचा काळा धूर अजून दिसतो.