‘जिन’ कुठून आला?

हिंगणघाट

चि. रेणुकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘कॉटन’ हा आपल्या ‘कातणे’वरून आला असणार, हा तुझा तर्क ऐकायला गोड आहे, पण खरा नाही. कॉटन अरबी ‘कुत्न’पासून फ्रेंचांच्या वाटेने इंग्रजीत गेला; कातणे आपल्या संस्कृत मुळाचं. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही, पोरी. शब्द कोणाबरोबर, कुठून कुठे गेला, ती वाट सापडेपर्यंत धीर धरत जा.

आता आपल्या दारातलाच शब्द घे. ‘कापूस जिनात नेला’ असं इथे जो तो म्हणतो. हा जिन, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र, हे ‘इंजिन’चंच आखूड रूप. मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र. दारूतली जिन वेगळ्या घरची, ती जुनिपरच्या डच नावावरून आली. अरबी गोष्टींतला जिन्न तिसराच.

शब्दकोश इथे थांबतो, तू थांबू नको. एली व्हिटनीने १७९४ साली अमेरिकेत आपल्या जिनचं पेटंट घेतलं. सरकी झपाट्याने सुटू लागली, तसा कापसाचा पेरा वाढला आणि त्यात राबवायला गुलामही. १७९० मध्ये तिथे सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. ज्या शब्दाच्या पोटात बुद्धी आहे, त्याच्या वाट्याला हे यावं, याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तुझ्या पणज्याचा कापूस कुठे विकला जायचा, हेही या शब्दाशी जोडलेलं आहे.

दिवाळीनंतर दोन दिवस जास्त राहा. हंगाम लागलेला असेल. जिनात रोलरजवळ उभी राहून बघ: चामड्याचा रोलर रुई ओढून घेतो, पोलादी पात्यापाशी सरकी अडते आणि जाळीतून खाली पडते. १०० किलो कापसाची रुई ३३-३४ किलोच निघते. तिथल्या बायांचे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत उतरव. नाकाला रुमाल बांध, रुईचे तंतू फार उडतात.

तुझ्याजवळच्या शब्दकोशात व्युत्पत्ती दिलेली आहे का, ते कळव. नसेल तर माझा पाठवतो.

तुझा,
मामा